गाठ साधी आहे, तर हार्मोनच्या पेशी कुठून आल्या?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३४, दोन लेकरं, घरची कोरडवाहू शेती. नावगाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे; त्यातलं मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देते.

"आंघोळ करताना डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताले लागली. दुखत नाही, बोटानं सारली तर सरकते. आशाताईनं आधी आरोग्य केंद्रात नेलं, मग मोठ्या दवाखान्यात. सोनोग्राफीत 'बायरॅड्स ४ ए' निघालं, सुईनं तुकडा काढला. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे, सहा महिन्यांनी दाखवा, अन् पुढच्या पेशंटले आवाज दिला. घरी पुतण्यानं रिपोर्ट वाचला. त्यात 'न्यूरोएंडोक्राइन पेशी' लिहिल्या हायेत, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या. त्यानं मोबाइलवर पाहिलं तर सारा कॅन्सरच निघाला. आता घरात जो तो आपलं सांगून राहिला. भासरे म्हणतात, ४ म्हणजे चौथी स्टेज, तूर विकू अन् नागपूरले जाऊन अख्खंच काढून टाकू. सासूबाई म्हणतात बिब्बा लाव. जाऊ म्हणते, सोयाबीनमध्ये हार्मोन असते, त्याचं तेल खाऊ नको. मी माला-एन घेत होती, ती भेवानं बंद केली. मॅडम, छातीत हार्मोन बनवणाऱ्या पेशी राहतात काय? राहत असतीन तर मग गाठ साधी कशी? माह्या पोरीलेबी होईन काय?"

ताई, पत्रासोबत रिपोर्टच्या दोन्ही पानांचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. नाहीतर मला अंदाजपंचे लिहावं लागलं असतं. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते: हो, राहतात. तुमच्यात आहेत, तुमच्या जावेत असू शकतात, ज्या बाईला आयुष्यात कधी गाठ आली नाही तिच्यातही असू शकतात. त्या दिसल्या म्हणून साधी गाठ वाईट होत नाही.

भासऱ्यांचा गैरसमज पहिल्यांदा दूर करा, कारण तूर त्यांच्या ताब्यात आहे. बायरॅड्सचा आकडा आणि कॅन्सरची स्टेज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करणारा डॉक्टर चित्र पाहून किती शंका वाटते ते ० ते ६ अशा आकड्यांत लिहितो. ही पद्धत अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं घालून दिली आणि आता आपल्याकडेही तीच वापरतात. '४ ए' म्हणजे शंका कमी आहे, पण तुकडा काढून खात्री करावी. असा शेरा मिळालेल्या शंभर बायकांपैकी नव्वदहून जास्त जणींची गाठ साधीच निघते. स्टेज ही गोष्ट कॅन्सर सिद्ध झाल्यानंतर ठरते. तुमच्या बाबतीत तो सिद्ध झालेला नाही, तर चौथी काय आणि पहिली काय.

आता रिपोर्ट. शेवटच्या रकान्यात पाच गोष्टी लिहिल्या आहेत. फायब्रोअ‍ॅडिनोमा आणि त्यासोबत युज्वल डक्टल हायपरप्लाझिया. सीके ५/६ मोझाइक. ईआर पॅची. क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन तुरळक पेशींत पॉझिटिव्ह. एटिपिया, म्हणजे पेशींच्या ठेवणीत विचित्रपणा, नाही; मॅलिग्नन्सीचा, म्हणजे कॅन्सरचा, पुरावा नाही. तुमच्या पुतण्यानं चौथी ओळ वाचली आणि पाचवीकडे जायच्या आधीच मोबाइल उघडला. पोरगं हुशार आहे, त्याला रागावू नका. पण रिपोर्ट खालून वर वाचायचा असतो. निष्कर्ष आधी पाहायचा, मग तो कशावरून काढला ते पाहायचं.

फायब्रोअ‍ॅडिनोमा ही तरुण बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ. पंधरा ते पस्तीस या वयात जास्त दिसते. दुधाच्या बारीक नळ्या आणि त्यांच्या भोवतीचा धाग्यासारखा भाग, दोन्ही एका जागी वाढतात आणि त्यांचा गोळा होतो. तो आजूबाजूला मुळं रोवत नाही, म्हणून बोटाखालून सटकतो. गरोदरपणी तो फुगू शकतो, पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतो. अंडाशयातल्या हार्मोनचं तो ऐकतो, हे त्यावरून कळतं.

त्याच्यासोबत लिहिलेलं युज्वल डक्टल हायपरप्लाझिया म्हणजे नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी जरा दाटीवाटीनं वाढल्या आहेत. नळी पेशींनी भरलेली दिसली की पॅथॉलॉजिस्ट थबकतो, कारण काही कॅन्सरही नळीच्या आत असेच दाटून वाढतात. त्यातला एक सॉलिड पॅपिलरी नावाचा प्रकार तर साध्या वाढीसारखा वेष घेऊन बसतो, आणि त्याच्या पेशींत न्यूरोएंडोक्राइन गुण बऱ्याचदा असतो. तुमचा तुकडा पाहणाऱ्या डॉक्टरांनी या शक्यतेचा विचार केला असणार. म्हणून नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावर न थांबता त्यांनी आणखी चार रंग लावून पाहिले. ते तपासलं नसतं तर तुमचा रिपोर्ट दोन ओळींचा आला असता आणि घरात कुणी घाबरलंही नसतं. ज्या ओळीनं तुमची झोप उडवली ती ओळ कुणीतरी तुमचं काम मन लावून केलं म्हणून तिथे आहे. ती ओळ का लिहिली, हे तुम्हाला दोन मिनिटं देऊन सांगायला हवं होतं, हे मात्र खरं. ओपीडीत रांग असते हे मलाही माहीत आहे, तरी एवढं सांगायला वेळ काढावाच लागतो.

हे रंग कसे लागतात ते सांगते, म्हणजे 'पॉझिटिव्ह' या शब्दाचा धसका जाईल. सुईनं काढलेला तुकडा म्हणजे बारीक सुतळीएवढा जाड, दीड-दोन सेंटिमीटर लांब धागा. तो फॉर्मालिनच्या बाटलीत जातो, मग मेणात बसवतात, मेणाच्या वडीचे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप करून काचेवर घेतात. त्यावर एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) सोडतात. ते एका ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि जिथे चिकटतं तिथे तपकिरी रंग उठतो. बाकीचा काप फिकट निळा राहतो. पॉझिटिव्ह म्हणजे रंग धरला, एवढंच. रोग आहे की नाही ते रंग कोणत्या पेशीनं, किती आणि कसा धरला यावरून ठरतं.

तुमच्या कापावर सीके ५/६ या प्रथिनाचा रंग काही पेशींनी धरला आणि काहींनी नाही, म्हणून मोझाइक. असं सरमिसळ चित्र साध्या वाढीत असतं, कारण तिथे वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी एकत्र नांदतात. कॅन्सर एकाच पेशीच्या वंशातून वाढतो, त्यामुळे तिथे बहुधा सगळं एकसारखं दिसतं. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन ओळखणारा पेशीतला ग्राहक (रिसेप्टर). तोही तुमच्याकडे 'पॅची', म्हणजे कुठे आहे कुठे नाही. निरोगी स्तनातही तो अस्तराच्या थोड्याच पेशींत असतो, आणि गंमत म्हणजे ज्या पेशींत असतो त्या स्वतः सहसा विभागत नाहीत. त्या इस्ट्रोजेनचा निरोप ऐकतात आणि शेजारच्या पेशींना वाढायला सांगतात. नळीतल्या झाडून सगळ्या पेशींनी ईआरचा रंग गडद धरला असता तर मी तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं असतं. कॅन्सरच्या रिपोर्टातही 'ईआर पॉझिटिव्ह' लिहितात, तुमच्या नात्यातल्या कुणी ते ऐकलं असेल. तिथे त्याचा उपयोग कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला होतो. साध्या गाठीत त्यावरून काही ठरवायचं नसतं.

राहिले क्रोमोग्रॅनिन आणि सिनॅप्टोफायसिन. हार्मोन किंवा तसली रसायनं बनवून बारीक दाण्यांत साठवणाऱ्या पेशींमध्ये ही प्रथिनं असतात. क्रोमोग्रॅनिन त्या दाण्यांच्या आतच असतं, त्यामुळे पेशीचं पोट तपकिरी कणांनी भरल्यासारखं दिसतं. तुमच्या रिपोर्टात अशा पेशी 'तुरळक' म्हटल्या आहेत. कपाशीच्या वावरात कुठेतरी ज्वारीचं एखादं ताट आपोआप उगवलेलं असतं ना, तसं. त्यावरून कुणी वावराला ज्वारीचं वावर म्हणत नाही.

या पेशींचा गोतावळा मोठा आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्यातल्याच. अॅड्रेनल ग्रंथीत अॅड्रेनलिन बनवणाऱ्या त्यातल्याच. आतड्याच्या अस्तरात त्या विखुरलेल्या असतात आणि शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन तिथेच तयार होतं. फुप्फुसाच्या नळ्यांत असतात, पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये असतात. ऑस्ट्रियाचे पॅथॉलॉजिस्ट फ्रीड्रिख फायर्टर यांनी १९३८ साली मांडलं, की थायरॉइडसारख्या ठळक ग्रंथींखेरीज शरीरभर अशा एकट्यादुकट्या हार्मोनी पेशी पसरलेल्या आहेत. त्या काळी त्या ओळखायला चांदीच्या क्षारांचा रंग वापरत. या पेशी चांदी धरून काळसर दिसत. पुढे प्रतिपिंडांचे रंग आले, आणि १९८५ साली इटलीतल्या ट्युरिनच्या पॅथॉलॉजिस्टांनी क्रोमोग्रॅनिनचा रंग वापरून निरोगी स्तनातही अशा विखुरलेल्या पेशी दाखवल्या. म्हणजे तुमच्या रिपोर्टात जे लिहिलं आहे ते तुमच्या जन्माच्याही आधीपासून माहीत असलेलं आहे. या पेशी स्तनात नेमकं काय काम करतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. त्या क्वचित दिसतात, प्रत्येक कापात सापडत नाहीत आणि मुद्दाम रंग लावल्याशिवाय ओळखू येत नाहीत. तुमच्या जावेचा तुकडा कुणी काढलेला नाही, म्हणून तिच्यात त्या आहेत की नाही हे कुणाला कळलेलं नाही, इतकंच.

पण 'छातीत हार्मोन बनतं काय' या प्रश्नाचं उत्तर या तुरळक पेशींवर संपत नाही. आपण समजतो की हार्मोन मेंदूखालच्या ग्रंथीतून आणि अंडाशयातून येतात आणि स्तन फक्त हुकूम पाळतो. तुमची लेकरं अंगावर पीत होती तेव्हाचं आठवा. बाळ रडलं की पान्हा फुटायचा. तो ऑक्सिटोसिनचा परिणाम, आणि ते खरोखर मेंदूकडून येतं. नळ्यांभोवतीच्या स्नायूसारख्या पेशी त्यामुळे आकसतात आणि दूध पुढे ढकललं जातं. दूध तयार करायला सांगणारं प्रोलॅक्टिन मुख्यतः मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं, पण थोडं स्तनाच्या पेशी स्वतःपुरतं बनवतात. दूध पाजत असताना स्तनाचं अस्तर आणखी एक हार्मोन बनवून रक्तात सोडतं. त्याचं नाव लांबलचक आहे, पॅराथायरॉइड हार्मोनशी मिळतंजुळतं प्रथिन. ते आईच्या हाडांतून कॅल्शियम सोडवून दुधासाठी आणतं. दूध तोडल्यावर ती झीज शरीर पुष्कळशी भरून काढतं. बाळानं पिणं कमी केलं आणि दूध साठून राहिलं, की स्तनातल्याच पेशींनी बनवलेलं सिरोटोनिन 'आता पुरे' म्हणून सांगतं. म्हणजे दोन लेकरं वाढवताना तुमच्या स्तनांनी हार्मोन बनवले, वापरले, बंदही केले. तेव्हा कुणी रिपोर्ट काढला नव्हता म्हणून कुणाला भीती वाटली नाही.

स्तनात दूधग्रंथींशिवाय चरबीही असते. तिच्यातल्या आधारपेशींमध्ये अॅरोमॅटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते रक्तातल्या पुरुषी हार्मोनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. तुमच्या वयात अंडाशय जोरात असतात, त्यामुळे या चरबीतल्या इस्ट्रोजेनला फार किंमत नाही. पाळी गेल्यावर मात्र बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतूनच येतं, आणि स्तनाच्या आत त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट राहतं. पाळी गेल्यानंतर वजन वाढलेल्या बायकांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, त्याचं एक कारण हे. काही रुग्णांना लेट्रोझोल नावाची गोळी देतात ती याच विकराला अडवते. तुमच्या सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. वय त्यांचं आहे, आणि छाती तपासून घ्यायची गरज त्यांनाही आहे.

इंटरनेटवर पुतण्याला जे दिसलं ते खोटं नाही, पण ते वेगळ्या आजाराचं आहे. स्तनात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर खरोखर होतो, पण अगदी विरळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणानुसार तसं नाव द्यायला गाठीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त भागात त्या प्रकारची रचना दिसावी लागते, आणि मुळात ती गाठ कॅन्सरची असावी लागते. तुमच्या गाठीत कॅन्सरच नाही आणि या पेशी मोजक्या. दोन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. या पेशींमुळे पाळी बिघडेल, अंगावर केस येतील, साखर वाढेल असंही काही होत नाही. तसा त्रास असेल तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

बिब्बा लावू नका. मी हे विनंती म्हणून सांगत नाही. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते, आणि मग पुढच्या तपासणीत कातडी लाल आणि जाड झालेली पाहून डॉक्टरला भलतीच शंका येते. गाठ आत आहे, बिब्बा बाहेर जाळतो. सासूबाईंचा जीव तुमच्यासाठी तुटतो म्हणून त्या सांगतात हे कळतं, तरी नाही म्हणा.

सोयाबीनचं थोडं खरं आहे. त्यात आयसोफ्लेव्होन नावाचे घटक असतात, त्यांची ठेवण इस्ट्रोजेनसारखी असते आणि ते त्याच ग्राहकाला जाऊन बसतात, पण त्यांचा जोर फार कमी. नेहमीच्या आहारात सोया खाणाऱ्या बायकांमध्ये त्यामुळे स्तनाचा कॅन्सर वाढतो असं आढळलेलं नाही. आणि आपल्याकडे सोयाबीन खातं कोण? आपण पेरतो, सोंगतो, विकतो. मिलमध्ये तेल एकीकडे निघतं आणि हे घटक बहुतेक सगळे दुसरीकडे, ढेपेत राहतात. रिफाइंड तेलात ते जवळपास नसतातच. तेव्हा तेल बदलायचं असेल तर चवीसाठी बदला. लेकरांना सोयाबीनच्या वड्यांची भाजी करत असाल तर तीही चालू द्या, प्रथिनं मिळतात.

माला-एन या गर्भनिरोधक गोळीची गोष्ट मात्र आजच्या आज बघा, कारण भीतीनं गोळी सोडून दिवस राहिले तर तो खरा घोर होईल. पाळी लांबली असेल तर आधी लघवीची तपासणी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत स्तनाचा साधा आजार असलेल्या बाईला अशी गोळी घ्यायला कुठलीही आडकाठी नाही; त्यांच्या चार वर्गांपैकी पहिल्या, निर्धोक वर्गात ती बसते. गोळी चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो आणि गोळी थांबवल्यावर तो हळूहळू ओसरतो. पण हे सगळ्याच बायकांना लागू आहे, तुमच्या गाठीमुळे त्यात वेगळी भर पडत नाही. बीपी मोजून घ्या, डोकं अर्धशिशीनं दुखत असेल किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर सिस्टरला सांगा, आणि त्यांच्या सल्ल्यानं गोळी पुन्हा सुरू करा. मन तयारच होत नसेल तर उपकेंद्रात 'छाया' मिळते. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पाळीआधी छाती दुखते म्हणून आपल्याकडे डॉक्टर तीच गोळी देतात. तांबी हाही पर्याय आहे, तिच्यात कोणतंच हार्मोन नाही.

आता तूर. अख्खा स्तन काढायचं काही कारण नाही, आणि जो कुणी या रिपोर्टवर तसं सुचवेल त्याच्याकडून उठून या. फक्त गाठ काढायची का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. गाठ झपाट्यानं वाढत असेल, तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तपासण्यांचे निष्कर्ष जुळत नसतील किंवा तुम्हालाच ती अंगात नको वाटत असेल तर काढतात. शस्त्रक्रिया छोटी असते आणि सरकारी मेडिकल कॉलेजात रोजची असते. तुमची गाठ सोनोग्राफीत २१ मिलिमीटर आहे, हाताला सरकती लागते, सोनोग्राफीत शंका कमी, तुकड्यात साधी. हात, चित्र आणि तुकडा तिन्हींचं उत्तर एक आलं, की आम्ही डॉक्टर निर्धास्त होतो. तिन्हींपैकी एक जरी वेगळं बोललं असतं तर दुसऱ्यांदा तुकडा घ्यायला मीच सांगितलं असतं.

निर्धास्त म्हणजे विसरून जाणं नव्हे. सहा महिन्यांनी बोलावलं आहे तर सहा महिन्यांनीच जा. ती वेळ नेमकी कापूस वेचणीत येईल हे मला दिसतं आहे. एक दिवस मजुरी बुडेल. जा तरी. जाताना जुनी सोनोग्राफी न्या, नाहीतर वाढली की नाही हे कशाशी ताडायचं? शक्यतो पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास जा. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन जास्त असतं, तेव्हा स्तन सुजतात, हुळहुळे होतात, त्या दिवसांत हाताला भलत्याच गाठी लागतात आणि उगाच जीव खालीवर होतो.

त्याआधी गाठ वाढते आहे असं वाटलं, कातडीला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड नव्यानं आत ओढलं गेलं, एकाच बाजूनं रक्तासारखा स्राव आला किंवा काखेत गाठ लागली, तर तारखेची वाट पाहू नका.

एक खरी गोष्ट सांगायची राहते. हायपरप्लाझिया असलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांच्या साधारण दीड ते दोन पट असते. हे ऐकून पुन्हा झोप उडवू नका. मुळातली शक्यता लहान आहे, तिची दीडपट-दुप्पटही लहानच राहते. 'एटिपिया' लिहिलं असतं तर ती चौपटीच्या आसपास गेली असती, आणि तुमच्या रिपोर्टात एटिपिया नाही असं स्पष्ट आहे. या आकड्याचा उपयोग इतकाच, की पुढे तपासण्या टाळू नका. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या बायकांची छाती तपासतात. आशाताईंना विचारून दरवेळी नाव लावा. चाळिशी आली की मॅमोग्राफीचं डॉक्टरांशी बोला.

पोरीचं विचारलंत. फायब्रोअ‍ॅडिनोमा आईकडून लेकीला वारशानं जाईलच असं नसतं, आणि या हार्मोनच्या पेशी तर तिलाही असू शकतात, निरोगी स्तनात असतात तशा. तुम्ही माहिती काढायची ती अशी: तुमची आई, बहीण, मावशी, आजी यांना, आणि वडिलांच्या बाजूनं आत्याला किंवा आत्याच्या मुलीला, स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का? लोक वडिलांची बाजू विचारातच घेत नाहीत, पण ती तितकीच मोलाची. कुणाला पन्नाशीच्या आत झाला असेल तर ते पुढच्या भेटीत नक्की सांगा. मुलीला वयात येताना बोंडाखाली सुपारीएवढा कडकपणा लागेल, कधी एकाच बाजूला आधी. ती तिची वाढ असते. ती गाठ समजून कुणी चिरून घेऊ नये, त्यानं स्तनाची वाढच खुंटते.

घरात कुणाचं समाधान होत नसेल तर ऑपरेशनवर पैसा घालण्याआधी दुसरं मत घ्या. त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. मेणाची वडी, जिला ते 'ब्लॉक' म्हणतात, आणि काचा प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. लेखी अर्ज देऊन त्या मागता येतात. त्या आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला पॅथॉलॉजी विभागात दाखवा. काच रुमालात गुंडाळून नेऊ नका, फुटते. प्लास्टिकची डबी मागून घ्या. ब्लॉक उन्हात ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये एसटीच्या खिडकीशी ठेवलात तर मेण पाझरेल. पुतण्याला सोबत न्या. त्याला इंग्रजी वाचता येतं, आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरी जसंच्या तसं सांगायला कुणीतरी हवंच.